अंबादासमामांचे दोन ठोके

आमच्या घरी मांजराला जेवायला बोलवायची पद्धत बघून नवा पाहुणा हमखास दचकतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि फरशीवर टाच दोनदा आपटते. कोपऱ्यातल्या चादरीवरून एक पांढरीशुभ्र मांजर उठते, आळस देते आणि बशीकडे येते. पाहुण्याला वाटतं, बाईंचा राग अजून शाळेतून घरी आलेला नाही. मग सांगावं लागतं की मांजर जन्मापासून ठार बहिरी आहे, आणि टाच माझी असली तरी रीत अंबादासमामांची आहे. हेही पूर्ण खरं नाही, पण ते पुढे येईल. मामांना जाऊन आता वर्ष होत आलं.

मामा माझे नात्याचे कुणी नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या एका बोळात मी अकरा वर्षं भाड्यानं राहिले. खाली चोवीस मागांचा चादरींचा कारखाना, त्याच्यावर माझ्या दोन खोल्या आणि बोळ ओलांडला की समोर मामा आणि त्यांची बायको लक्ष्मक्का. सकाळी माग सुरू झाले की माझ्या मांडणीतले पेले एकमेकांवर वाजायला लागत आणि ते रात्रीपर्यंत थांबत नसत. पहिले पंधरा दिवस मी घरमालकाला शिव्या घातल्या. नंतर सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की मलाच झोप लागेना.

मामा जॉबर होते. माग बिघडला की विणकर बाजूला होतो आणि तो दुरुस्त करायला जो पुढं येतो तो जॉबर. वाळकी अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, शर्टाच्या खिशात छोटा पाना आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं सूत. हे सूत ते कशालाही वापरत. चष्म्याची काडी बांधायला, अक्काच्या काठीची मूठ घट्ट करायला, एकदा तर माझ्या तुटलेल्या चपलेच्या अंगठ्याला. घरात तेलुगू, बोळात मराठी, शेजारच्या खाटिकाशी दखनी, असं तिन्ही भाषांत मिळून ते दिवसाला फार तर वीस वाक्यं बोलत. त्यांतली पंधरा "बगू की" असत.

हे "बगू की" म्हणजे मामांचं हुकमी उत्तर होतं. "मामा, चहा घेणार?" "बगू की." "मामा, वीज कधी येणार म्हणे?" "बगू की." एकदा मी विचारलं, "मामा, तुमचं गाव कुठलं?" तरीही बगू की. समोर उभं राहून, तोंडाकडे बघू देऊन बोललं तर उत्तर चोख यायचं. पाठीमागून बोललं तर काहीच यायचं नाही. कुणाच्याही घरी गेले की ते पाठ भिंतीला आणि तोंड सगळ्यांकडे अशी जागा धरत. टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत आणि वर सांगत, "तोंड बगितलं की कळतंय. आवाजानं नुस्तं डोकं उठतंय."

मामांना ऐकू येत नाही हे बोळाला माहीत होतं. मामांसमोर ते कुणी म्हणत नसे, एवढंच. आयुष्य मागांच्या धडधडाटात गेलेल्या माणसाचे कान जायचेच. बोळातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे गेले होते आणि ते खुशाल "जरा मोठ्यानं बोला की" म्हणत. पण मामांची ख्यातीच कानाची होती. तरुणपणी ते म्हणे कारखान्याच्या दारात उभे राहून, सगळे माग एकदम चालू असताना, कितव्या मागाचा सूत वाहणारा धोटा अडखळत पळतोय हे नुसत्या आवाजावरून सांगत. पूर्व भागात त्यांना "कानाचा जॉबर" म्हणत. अशा माणसानं कान गेले म्हणून कबूल करायचं म्हणजे कमावलेलं नाव आपल्या हातानं पुसायचं.

मी राहायला गेले तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी एखादा माग हट्टाला पेटला की कारखान्याच्या शेठचा माणूस मामांच्या दारात येई. मामा जात, मागाच्या लोखंडी चौकटीवर उजवा तळहात ठेवत, डोळे मिटत आणि मान तिरपी करत. "ऐकायलेत," विणकर एकमेकांना सांगत. मीही दोन-तीनदा दारातून बघितलं होतं आणि मलाही ते ऐकणंच वाटलं होतं. मिनिटभरानं मामा डोळे उघडून नेमकं बोट ठेवत आणि पाना काढत.

त्यांची मुलगी पुण्याला असते. तिचा फोन मला यायचा. "टीचर, एकदा त्यांना कानाच्या डॉक्टरकडं न्या हो. आई काठीवर चालती. कधी आत पडली बिडली आणि हाक मारली तर त्यांना पोचणार का?" खुब्याचं हाड मोडून बसवल्यापासून लक्ष्मक्काचा एक पाय आखूड झाला होता. दिवसभर घरात दोघंच. मी विषय काढला की मामा उठून जात आणि चार दिवस जिना चढत नसत. अक्का तर उलट मलाच दटावे. "ऱ्हाऊ दे गं टीचर. आमचं चालतंय की." ती मला अगं-तुगं करायची आणि टीचरही म्हणायची, दोन्ही एका दमात.

एका उन्हाळ्यात माझ्या जिन्याखाली, कारखान्यातल्या फाटक्या चादरींच्या ढिगावर, एक करडी मांजरी व्याली. तीन पिल्लं. दोन आईवर गेलेली आणि एक पांढरं. पांढरं पिल्लू मी लगेच मोडनिंबच्या नणंदेला कबूल करून टाकलं. तिचं घर हायवेला लागून, घरात उंदीर फार, आणि पांढरं मांजर म्हटल्यावर तिच्या पोरी नाचायलाच लागल्या. नणंदेला एखादी गोष्ट कबूल करून आपल्याकडे थोरपण घ्यायला कोणाला आवडत नाही?

मामांना मांजरांची आवड नव्हती. मांजर सूत विसकटतं, हे त्यांचं मांजराबद्दलचं संपूर्ण मत. पण संध्याकाळी ते माझ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसत आणि खाली बघत राहत. पिल्लं महिनाभराची झाली असतील, तेव्हा एक दिवस म्हणाले, "टीचर, पांढऱ्याला ऐकू येत न्हाय वाटतं."

मनात म्हटलं, हे तुम्ही सांगावं? तोंडानं म्हटलं, "कशावरून?"

"आई आली की लांबूनच आवाज देती. दोगं मान वर करत्यात. हे झोपलेलंच. त्यांचा पाय अंगावर पडला की मग उठतंय. आणि वरडतंय बगा कसं, तोंड केवढं उघडतंय. आपला आवाज आपल्यालाच न्हाय तर मापात कसं वरडणार?" मग म्हणाले, "भावाला चावलं की सोडत न्हाय. भाऊ किंचाळला तरी न्हाय. किंचाळलेलं त्याला कळतच न्हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोग कसा करावा हे मला मामांनी सांगायची गरज नव्हती. मी जिना उतरले, पिल्लासमोर उकिडवी बसले आणि टाळी वाजवली. पिल्लानं डोळे मिचकावले. मग त्याच्या मागं जाऊन स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. पिल्लू वीतभर उडालं. "आणि सकाळी माग सुरू झाले की तिघांत सगळ्यांत आधी हेच उठतं, कारखान्यातल्या बायकांना विचारा," मी म्हटलं. बायका खरंच म्हणायच्या की पांढऱ्याचे कान फार तिखट आहेत.

मामा पायरीवरून उठले नाहीत. "पिल्लू पास न्हाय झालं टीचर. तुमची परीक्षा नापास झाली."

असं मला शाळेत मुख्याध्यापकसुद्धा बोललेले नाहीत.

"टाळी त्याच्या तोंडासमोर वाजवली. त्याला हात दिसला, वारं लागलं. ताट फरशीवर टाकलं, फरशी हादरली. सकाळी ते मागाच्या आवाजानं उठत न्हाय, पायाखाली हादरा येतोय त्यानं उठतंय. ह्याला फरशीनं कळतंय, लोकांना वाटतंय कानानं." मग त्यांनी स्वतःच्याच बोलण्याला ब्रेक लावला. "पण आज न्हाय सांगणार. पिल्लाचं कान जन्मल्यावर बंदच असत्यात. दोन-तीन आठवड्यानं उघडत्यात, नीट ऐकायला अजून वेळ लागतोय. पंधरा दिवस थांबा. घाईनं कुणाला बहिरा म्हणू नये."

शेवटचं वाक्य त्यांनी दुसरीकडे बघून म्हटलं.

परीक्षेला मामांनी कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरला. माग बंद, फरशी गप्प. माझ्या बाहेरच्या खोलीत त्यांनी खाटेवर चार जाड चादरी घडी घालून ठेवल्या, म्हणजे खालचा हादरा वर जायला नको. आधी त्यावर झोपवलं ते करडं पिल्लू. मी म्हटलं, "ह्याला तर ऐकू येतं."

"म्हणूनच. ऐकणारं मांजर कसं ऐकतं ते आधी बगायचं. न्हायतर न ऐकणारं ओळखायचं कशावरून?"

मला त्यांनी पडद्यामागे स्वयंपाकघरात बसवलं. माझ्यापुढं सामान मांडलं होतं. तांदूळ घातलेला डबा, किल्ल्यांचा जुडगा, शिट्टी आणि दाबली की चीं करणारी एक रबरी बाहुली. जाडे आवाज आणि बारीक आवाज, दोन्ही हवेत. पिल्लाला मी दिसता कामा नये, वारा जाता कामा नये, खाण्याचा वास जाता कामा नये, आणि दोन आवाजांत चांगला वेळ सोडायचा, नाहीतर पिल्लू कंटाळून लक्ष देईनासं होतं. मामा खाटेपुढं खुर्ची टाकून बसले, हातात खडू घेऊन. "मान वळंल न वळंल. कान वळतोय का बगायचं. झोपेतसुद्धा कान वळतोच."

मग त्यांनी खिशातून सूत काढलं. एक टोक स्वतःच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं पडद्याखालून माझ्या हातात दिलं. "आवाज करताना एक हिसका द्यायचा. म्हणजे वेळ चुकायला नको. कारखान्याची पद्धत हाय."

मी डबा हलवला आणि सूत ओढलं. शिट्टी मारली, ओढलं. तिसऱ्या खेपेला किल्ल्या वाजवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. पडदा पातळ होता, खोली दहा पावलांची होती, शिट्टी बोळाच्या टोकापर्यंत गेली असेल. ह्यांना आवाज कधी झाला ते कळण्यासाठी सूत लागत होतं. मी ते सूत हातात धरून तशीच बसून राहिले.  मग पलीकडून सुताला हिसका आला. "काय झोपला का टीचर?" मामा विचारत होते.

करड्या पिल्लाच्या नावावर खडूच्या सात रेघा पडल्या. पांढऱ्याच्या नावावर एकही नाही. मामांचं तेवढ्यानं भागेना. त्यांनी जागा बदलल्या. लक्ष्मक्काला हाताला धरून जिना चढवून आणलं, तिला पडद्यामागं बसवलं आणि मला खुर्चीवर, म्हणजे मी माझ्या डोळ्यांनी बघावं. करड्याचा कान डब्याच्या पहिल्या खुळखुळीला वळला, झोपेतच. पांढऱ्याचे दोन्ही कान दोन पाकळ्यांसारखे तसेच उभे. अक्कानं शिट्टी अशी मारली की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. पांढरं पिल्लू शांत झोपलं होतं, पोट वरखाली होत होतं. मग मामांनी त्याला चादरीसकट उचलून अलगद उघड्या फरशीवर सरकवलं आणि चार हात लांब उभं राहून टाच आपटली. पिल्लानं तत्काळ डोळे उघडले. आता बाकीच्या पिल्लांचे डोळे पिवळसर व्हायला लागले होते, पण ह्याचे निळेच होते.

जनावरांच्या डॉक्टरकडेही आम्हीच नेलं, कारण मामांच्या मते कानात मळ, किडे किंवा सूज असेल तर ते बरं होण्यासारखं दुखणं आहे, ते आधी बघायला हवं. डॉक्टरांनी बॅटरीनं आत बघितलं. कान स्वच्छ होते. पांढरा रंग आणि निळे डोळे असलेल्या मांजरांत हा बहिरेपणा पुष्कळदा जन्मतःच असतो, त्याला औषध नाही, म्हणाले. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे दाखवणारं यंत्र मोठ्या शहरात असतं, पण घरी तुम्ही केलंत तेही पुरेसं आहे. बाहेर सोडू नका, गाडी ऐकू येणार नाही. मग कौतुकानं मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "ही परीक्षा तुम्हाला कुणी शिकवली?" मामांचं लक्ष तेव्हा पिल्लाकडे होतं. "बगू की," ते म्हणाले.

हायवेच्या घरी बहिरं पिल्लू पाठवणं शक्यच नव्हतं. नणंद माझ्यावर अजून थोडी रुसलेली आहे. पिल्लू कुणाकडे राहणार हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घोळवत होते, तोवर ते मामांच्या खाटेखाली राहायला गेलंसुद्धा. ज्यांना मांजर सूत विसकटतं म्हणून नको होतं, त्यांनीच त्याला सुताचा गुंडा करून दिला. पिल्लू मादी निघालं. अक्कानं तिचं नाव मल्ली ठेवलं, तेलुगूत मोगऱ्याला म्हणतात ते. मामा म्हणाले, "हाक ऐकणारच न्हाय तर नाव कशाला?"

"नाव तिच्यासाठी न्हाय," अक्का म्हणाली. "माज्यासाठी हाय."

मग मामांनी बोळाला शिस्त लावली. मल्ली झोपलेली असली की मागून हात लावायचा नाही, आधी तिच्याजवळ फरशीवर बोटं टेकवायची. घरात पाहुणा आला की दार लोटून घ्यायचं. संध्याकाळी दिवा एकदा बंद करून लावला की मल्लीनं आत यायचं. आणि जेवायला बोलवायला दोन ठोके. आठ दिवसांत ती शिकली. मी थक्क होऊन बघत होते. एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. मल्ली आणि मामा बाहेरच्या खोलीत, अक्का आत भाकरी थापत होती. भाकरी झाल्यावर तिनं काठी उचलली आणि फरशीवर दोनदा ठोकली. मल्ली उठली. त्याच क्षणी, पेपरात डोकं घातलेले मामाही उठले.

मी अक्काकडे बघितलं. तिनं पिठाचं बोट ओठावर ठेवलं.

नंतर मामा बाहेर गेल्यावर तिनं सांगितलं. दोन ठोके मल्लीसाठी आलेलेच नव्हते. ते त्या घरात बारा वर्षं होते. एक ठोका म्हणजे कुणीतरी दारात आलंय, दोन म्हणजे जेवायला या. काठी नव्हती तेव्हा ती लाटणं आपटायची. "ह्यांनी कधी विचारलं न्हाय, मी कधी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "मागावर हात ठेवून ऐकत्यात, तसं घरात पायानं ऐकत्यात. पांढऱ्याचं मलापण आधीच कळलं होतं गं टीचर. पण म्हटलं, ह्यांनाच सांगू दे." मागावर ठेवलेला तो तळहात मला तेव्हा कुठे नीट दिसला.

बारा वर्षं एका बाईनं नवऱ्याचं नाव काठीवर तोलून धरलं होतं आणि ह्या ठोक्यांचं मुलीलाही कळू दिलं नव्हतं. पण मुलीची भीती खोटी नव्हती. ठोके पोचायला काठी हाताशी लागते आणि ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर लागतात. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी अक्का मोरीत घसरली. काठी बाहेर उडाली. मामा बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन खाटेवर पेपर वाचत होते, त्यांच्या चपलांजवळ मल्ली झोपलेली. अक्का हाका मारत राहिली. शेजारीपाजारी माग चालू, कुणाला काय ऐकू येणार. किती वेळ गेला तिला सांगता आलं नाही. सरपटत तिनं तांब्या गाठला आणि मोरीच्या काठावर दोनदा आपटला.

मल्ली उठली आणि आत निघाली. मामांनी पेपरावरून बघितलं. ही अवेळी कुठं चालली, म्हणून ते तिच्यामागं आत गेले.

हाड मोडलं नव्हतं, मनगट मात्र टरारून सुजलं होतं. संध्याकाळी मामा माझा जिना चढून वर आले. तिसऱ्या पायरीवर न थांबता थेट दारात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांजराला कळलं टीचर. मला न्हाय कळलं." मग त्यांनी कठड्यावर तळहात टेकवला. खाली माग चालू होते. "त्या कानाच्या डॉक्टरकडं कधी जायचं?"

आम्ही त्याच आठवड्यात गेलो. मी, मामा आणि मनगटाला पट्टी बांधलेली अक्का. तपासणाऱ्या मुलीनं मामांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर यंत्र घेऊन बसली. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. मामांनी मान डोलावली. मुलगी यंत्रावरचं बटण दाबत गेली आणि मामांचं बोट वर जात राहिलं. जाडा आवाज, बारीक आवाज, सगळ्याला वर. मुलगी खूश होऊन म्हणाली, "आजोबा, तुमचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत." मामांनी विजयी मुद्रेनं अक्काकडे बघितलं. अक्का खाली बघत होती.

मी मामांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते मुलीच्या कोपरावर खिळलेले होते. बटण दाबताना तिचं कोपर केसभर हलायचं.

मला बोलायचं नव्हतं. त्या माणसानं चाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू माझ्या एका वाक्यानं फुटणार होती, आणि ते वाक्य मला त्यांनीच शिकवलेलं होतं. पण अक्काच्या मनगटावरची पट्टी समोर दिसत होती. मी मुलीला म्हटलं, "त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माग नेमका कुठं अडलाय ते सापडल्यावर विणकराकडे बघत तसं बघितलं. मग स्वतःच उठले, खुर्ची फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मुलगी पुन्हा बटणं दाबू लागली. मामांचा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. मध्येच जाड आवाजाला बोट उठलं, पुन्हा बराच वेळ काही नाही. बारीक आवाजांना तर एकदाही नाही. मला फक्त त्यांचा धुवून विरलेली कॉलर आणि मान दिसत होती. अक्कानं माझा हात धरला आणि सोडला नाही.

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. मामा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "ह्या खेपेला परीक्षा बरोबर घेतली तुमी."

यंत्रं आली ती दोन, कानामागं बसणारी. घरी आल्यावर मामांनी ती लावली आणि खाटेवर बसून राहिले. पेपराचं पान उलटून बघितलं, त्याचा आवाज झाला म्हणून पुन्हा उलटलं. आतून अक्कानं विचारलं, चहात साखर कमी घालू का. मामा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तेलुगूतच बोलले, पण इतक्या वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं.

"तुझा आवाज कधी म्हातारा झाला?"

अक्कानं चहा ढवळता ढवळता उत्तर दिलं, "तुम्ही ऐकत नव्हता तेव्हा."

शेठचा माणूस पुढेही येत राहिला. मामा यंत्रं लावूनच कारखान्यात जात, दारात ती काढून खिशात सुताशेजारी ठेवत आणि तळहात मागावर टेकवत. कुणी काही म्हटलं नाही. कानाचा जॉबर हे नाव काही पुसलं गेलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

दोन-तीन वर्षांनी मला शाळेजवळ घर मिळालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंतर कामाच्या रगाड्यात मी तिकडं फिरकले नाही, आणि मग मामा गेल्याचाच निरोप आला. अक्काला मुलीनं पुण्याला नेलं, तिसऱ्या मजल्यावर, आणि मल्ली माझ्याकडे आली. त्यामुळे मी मामांना शेवटचं पाहिलं ते बोळ सोडला त्या दिवशीच.

खाली टेम्पो भरून उभा होता. निरोप घ्यायला मी समोर गेले आणि दारातच थांबले, कारण मामा भलत्याच जागी बसले होते. एरवी त्यांची पाठ भिंतीला असे. आज पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. ते पेपर वाचत होते आणि मल्ली फरशीवर झोपली होती. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आतून अक्काचा आवाज आला, तोच बारीक, थोडा कापरा. काठी वाजली नाही. मामांनी मागं न बघता "आलो" म्हटलं, पेपराची घडी केली आणि उठून दोन पावलं आत गेले. तिथं थांबले. परत आले. मल्लीजवळ उभं राहून त्यांनी टाच दोनदा आपटली. मल्लीनं निळे डोळे उघडून वर बघितलं.

"चल," मामा तिला म्हणाले. "आपल्याला बोलवायलेत."